पान एकसष्टपर्यंतची वाटचाल

४ जानेवारी, रविवार

वाचन मंडळाची स्थापना झाली. संस्थापक मी, अध्यक्षही मीच. सभासद चार. आमची ही, हिचा भाऊ म्हणजे माझा मेहुणा, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणते) आणि कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर. अध्यक्षीय भाषण उत्तम झालं. मध्येच मेहुण्याने बिस्किटं संपली का म्हणून विचारलं. माणसाला भूक असते, पण कशाची ते महत्त्वाचं.

तीन रूल केले. एक, सगळ्यांचं संपल्याशिवाय पुढचं पुस्तक सुरू करायचं नाही. दोन, ज्याचं संपलेलं नाही त्याच्या कानावर शेवट पडता कामा नये. शेवटाची चर्चा असेल तेव्हा त्याने बाहेर बसायचं. तीन, ज्याचं संपलं त्याने उभं राहून शेवटावर बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, म्हणजे थापा मारायला वाव नको. खाली एक ओळ, रूलमध्ये दुरुस्ती करायची तर चालू पुस्तक संपल्यावरच. तिन्ही रूल मनात मेहुण्याला धरून केले आहेत. हा माणूस दाढीसुद्धा अर्धवट सोडून फोनवर बोलतो.

पहिलं पुस्तक निवडायचा मान अर्थात माझा. एका मिठागरवाल्या कुटुंबाच्या चार पिढ्यांची कादंबरी. पानं सातशे चाळीस. मी वाचलेली नाही, पण हातात घेतली की दर्जा कळतो. डॉक्टरने ती वरखाली करून पाहिली आणि भूल द्यायला बरी आहे म्हणाला. या धंद्यातल्या लोकांचे विनोद असेच.

पुढच्या नंबरांच्या चिठ्ठ्या काढल्या. माझ्यानंतर हिचा नंबर लागला. गंमत म्हणजे हिचं पुस्तक तयारच होतं. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, कपाटातल्या साड्यांखालून काढलं. कुठलं म्हणून विचारलं तर माझी पाळी आली की कळेल म्हणाली, आणि कपाटावर ठेवून दिलं. मला जरा काळजीच वाटली. लग्नाला बावीस वर्षं झाली, हिला निवडीचा त्रास मी कधी होऊ दिलेला नाही. पडदे, टीव्हीवरचे कार्यक्रम, संध्याकाळी फिरायला जायचा रस्ता, सगळं मीच बघतो. आता एकदम एवढी जबाबदारी. झेपेल ना?

५ जानेवारी, सोमवार

शुभारंभ. सहा पानं. भाषा भरदार. उद्यापासून रोज पन्नास.

७ जानेवारी

खोलीतला दिवा उजवीकडे आहे, पानावर हाताची सावली पडते. असं वाचणं म्हणजे लेखकाचा अपमान. नवा लॅम्प आणला. जोडण्यात संध्याकाळ गेली.

८ जानेवारी

लॅम्प उत्तम. आता खुर्ची खटकते.

१२ जानेवारी, सोमवार

हिचं संपलं. सातशे चाळीस पानं! गॅसवर दूध ठेवते आणि एक डोळा दुधावर, एक पुस्तकावर. असं वाचलेलं अंगी लागत नाही. मी तसं सांगितलंही. ही म्हणाली, दूध तरी उतू गेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

ही शेवटावर बोलली. रूल दोनप्रमाणे मला गॅलरीत बसावं लागलं, दार लावून. बाहेर गार वारा होता, शेजारी वाळत घातलेल्या चादरी. आत बरंच हसणं चाललं होतं. काचेतून पाहिलं तर ही उभी राहून हातवारे करत होती. हिला हातवारे येतात हे मला नवीन होतं. एवढं हसण्यासारखं काय आहे मिठागरात?

वीस मिनिटांनी मेहुण्याने दार उघडलं आणि विचारलं, “भावोजी, कुठपर्यंत आलात?” म्हटलं, रंगात आलंय. पणजोबांचं लग्न ठरतंय.

२३ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात दिवसभर फोन. लिफ्ट दुरुस्ती कंपनीचा कंप्लेंट डेस्क म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना कळायचं नाही. लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात आणि मला फोन करतात. मी म्हणतो, धीर धरा, माणूस निघालाय. माणूस निघालेला नसतो, बहुतेक वेळा जेवत असतो. पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं. एवढी जबाबदारी पेलून संध्याकाळी वाचायला डोकं कुठून आणणार?

२५ जानेवारी, रविवार

आठवडाभर पुस्तक हातात न घेतल्यामुळे कोण कोणाचा काका ते विसरलो. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. यालाच सखोल वाचन म्हणतात.

बाई आणि डॉक्टर आज शेवटावर बोलले. गॅलरी. या वेळी स्वेटर घालून बसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याचंही संपलं. हा धक्का होता. हिने त्याला सगळी गोष्ट सांगून टाकली असणार, लहानपणी गणितं सोडवून द्यायची तसं. तो शेवटावर पाऊण तास बोलला. पाऊण तास मी गॅलरीत. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी हात केला. आता ओळख झाली आहे.

म्हणजे आता फक्त माझं राहिलं. हिने चहा देताना सहज विचारलं, अजून किती दिवस लागतील. सहज म्हणजे हातात कप धरून उभी राहिली, उत्तर येईपर्यंत दिला नाही. म्हटलं, संपत आलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज एक मोठा विचार सुचला. वाचक पुस्तकं अर्धवट का सोडतात, यावर कोणी शास्त्रशुद्ध काम केलेलं दिसत नाही. मी करणार. मी स्वतः सोडणाऱ्यांतला नाही, त्यामुळे तटस्थपणे बघू शकतो. मिठागर थोडे दिवस बाजूला. रिसर्च आधी.

११ फेब्रुवारी

पहिली निरीक्षणं. लेखक सगळी पात्रं सारखीच दिसणारी करतात. सगळ्या काकांना मिशा. कागद फार पांढरा असतो, डोळ्यांवर येतो. पुस्तक जड असेल तर झोपून वाचताना नाकावर पडतं (अनुभव). हलकं असेल तर आदर वाटत नाही. वाचत असतानाच घरातल्यांना तुम्ही काही करत नाही आहात असं वाटतं आणि ते कामं सांगतात. आतापर्यंत एकाही कारणात वाचकाचा दोष आढळलेला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

मीटिंग. चौघांचं संपलंय, माझं नाही, त्यामुळे शेवटावर बोलता येत नाही. मध्यावर बोलावं तर मी मध्यावर पोचलेलो नाही. सुरुवातीवर मी बोललो. पहिली तीस पानं मी चार वेळा वाचली आहेत, त्यावर माझ्याइतका अधिकार लेखकाचाही नसेल. मग सगळे गप्प बसले. डॉक्टर माझ्या जबड्याकडे बघत होता. चहा झाला. बाईंनी भिंतीवरच्या ओलीचा विषय काढला, तो बराच पुरला.

मंडळाला एक शिस्त आली आहे हे खरं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिफ्टमध्ये अडकलो. आमच्याच बिल्डिंगची, आमच्याच कंपनीची लिफ्ट, बरोबर बाई. कंप्लेंट डेस्कला फोन लावला. माझ्या जागेवर बसलेला सहकारी म्हणाला, धीर धरा, माणूस निघालाय. मी म्हटलं, अरे, मी बोलतोय. तो म्हणाला, हो का, मग तुला माहीतच आहे.

पिशवीतून मिठागर डोकावत होतं. बाईंनी ते पाहिलं. वेळ आहे, उजेड आहे, आवाज नाही, वाचा, असं त्यांनी शाळेतल्या सुरात सांगितलं. उघडलं. दोघांत चार फूट अंतर आणि त्यांची नजर. थोड्या वेळाने म्हणाल्या, “डोळे हलत नाहीत तुमचे.” म्हटलं, मी मनन करतोय. म्हणाल्या, मनन करणारी मुलं मी पस्तीस वर्षं मागच्या बाकावर बसवली आहेत.

मग मी लिफ्टमधली पाटी वाचली. सहा माणसं, चारशे आठ किलो, आग लागल्यास वापरू नये, अडकल्यास घाबरू नये. सगळी वाचली, शेवटपर्यंत. बाई म्हणाल्या, चला, एक तरी पूर्ण झालं.

नोंद: कोणी बघत असेल तर वाचन होत नाही. कारणांत घालणे.

१ मार्च, रविवार

मीटिंग. गप्प. ओल वाढली आहे.

५ मार्च, गुरुवार

धाडसी निर्णय. पुस्तकाचा मध्य हा शेवटाची तयारी असतो. बुद्धिमान वाचकाला शेवटावरून मध्य काढता यायला हवा, जसं हाडावरून प्राणी काढतात. शेवटची अकरा पानं वाचली. एका दमात! कोण म्हणतं मी वाचत नाही? विलक्षण शेवट आहे. रविवारी उभा राहणार.

ही ऐकून इतकी खूश झाली की कपाटावरचं पुस्तक खाली काढून पदराने पुसलं.

८ मार्च, रविवार

सविस्तर लिहितो.

मी पाऊण तास बोललो. सातशे पानं मिठागर, काका, मिशा, भांडणं, आणि शेवटी लेखक एकदम सगळं सोडून एका बेटावरच्या घोड्यांच्या डॉक्टरकडे वळतो, त्याच्या दारात पोलीस उभे आहेत, आणि तिथेच संपवतो. केवढं हे धाडस! मिठागरातलं कोणी नाही, मीठ नाही, काही नाही. हाच तर मिठाचा अर्थ, ते विरघळतं. हे वाक्य मी दोनदा म्हटलं.

बाईंनी विचारलं, घोडा कोणाचा? मी म्हटलं, घोडा आपल्या सगळ्यांचा आहे. मेहुणा उठून गॅलरीत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. खांदे हलत होते. एवढा हळवा असेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर खोकला. ही कप गोळा करायला लागली, त्यातले दोन भरलेले होते.

सगळे गेल्यावर ही कप विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो घोडेवाला त्या लेखकाच्या पुढच्या पुस्तकातला आहे. जाहिरात म्हणून पहिलं प्रकरण मागे छापलंय. वर लिहिलंय तसं.”

जाऊन पाहिलं. लिहिलंय. बारीक टाइपात म्हणता येणार नाही, पण माणूस वर बघतो का?

नंतर विचारलं तिने, खरं सांगा, कितवं पान. म्हटलं, संपत आलंय. कपाटावरचं पुस्तक तसंच राहिलं.

नोंद: प्रकाशकांची लबाडी. हे कारण पहिल्या नंबरवर.

१२ मार्च, गुरुवार

हिची दाढ दुखते आहे. डॉक्टरने संध्याकाळची वेळ दिली. रूट कॅनाल. दर गुरुवारी जावं लागेल म्हणाली. चला, गुरुवारी घरात शांतता. वाचनाला हीच वेळ ठरवून टाकली.

१९ मार्च, गुरुवार

शांतता फार आहे. घड्याळाचा आवाज येतो. सेल काढून ठेवला. मग किती वाजले ते कळेना, म्हणून परत घातला.

२ एप्रिल, गुरुवार

मेहुण्याचंही रूट कॅनाल निघालं. गुरुवारीच. बहीणभावांचे दात सारखेच असतात, वंशपरंपरा. ही घरी आली तेव्हा गाल सुजलेला नव्हता, उलट चेहरा तजेलदार. डॉक्टर जोक्स वाईट करतो, पण हात चांगला असावा.

कपाटावर पुस्तक दिसलं नाही. धूळ बसते म्हणून आत ठेवलं असेल.

१२ एप्रिल, रविवार

मीटिंग. विशेष म्हणजे कोणी कंटाळलेलं दिसलं नाही. किती पानं झाली हेही कोणी विचारलं नाही. मेहुण्याने डॉक्टरला हळूच काहीतरी म्हटलं आणि दोघं हसले, बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर गप्प झाले. माझ्या धोरणाचा विजय. घाई करण्यात अर्थ नाही हे मंडळाला पटलेलं दिसतं.

१६ एप्रिल, गुरुवार

सबंध मंडळाचं दातांचं आरोग्य ढासळलंय. आज बाईंना जिन्यात गाठलं, विचारलं कुठे निघालात, तर म्हणाल्या रूट कॅनालला. बाईंना कवळी आहे. कवळीचं रूट कॅनाल करतात का, डॉक्टरला विचारलं पाहिजे. हल्ली सायन्स फार पुढे गेलंय.

२६ एप्रिल, रविवार

रिसर्चचं काम थांबलं आहे. कारणं इतकी झाली की वर्गवारी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि वर्गवारीसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल.

३ मे, रविवार

पान एकसष्ट! नवा टप्पा. पणजोबांचं लग्न पार पडलं. मीटिंगमध्ये जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. बाईंनी सुद्धा वाजवल्या. थोड्या जास्त वेळ वाजल्या असं आता वाटतंय.

१४ मे, गुरुवार

दुपारपासून माझीच दाढ दुखायला लागली. खरोखरची. ऑफिसातून थेट डॉक्टरकडे गेलो, म्हटलं सगळे तिथेच आहेत, सोबत होईल.

दवाखान्याचं काचेचं दार बंद होतं. वर पाटी, आज पेशंट घेणार नाही. आत वेटिंग रूममधल्या खुर्च्या गोल मांडलेल्या. बाई, डॉक्टर, मेहुणा बसलेले. ही उभी. बोलत होती. हातवारे. प्रत्येकाच्या मांडीवर एक एक निळं पुस्तक. डॉक्टर काहीतरी आडवं लावत होता आणि ही त्याला सोडत नव्हती. त्याच्या अंगात पांढरा कोट होता, तरी.

दार ढकललं. सगळे थांबले.

मी म्हटलं, रूल काय होता?

“रूल रविवारचा आहे,” ही म्हणाली. “आज गुरुवार.”

मेहुण्याने सांगितलं की हे चौथं चाललंय. त्याची पाळी होती, त्याने निवडलेलं. सांगताना त्याची मान जरा ताठ होती. मग खुर्ची पुढे सरकवली आणि परत मागे घेतली. “भावोजी, बसा म्हटलं असतं. पण आज शेवटावर चाललंय आणि तुम्ही हे वाचलेलं नाही. रूल दोन.”

रूल माझाच. बाहेर बाकावर बसलो. काचेपलीकडे पुन्हा सुरू झालं. पाच मिनिटं सगळ्यांना अवघड वाटत होतं, मग विसरले.

घरी येताना हिने नेहमीच्या रस्त्याने आणलं नाही. दवाखान्यामागून एक गल्ली आहे, तिथे एक सुतार, एक सायकलवाला आणि जाळीच्या कुंपणावर वेल. इथून रस्ता आहे हे मला माहीत नव्हतं. ही म्हणाली, दर गुरुवारी इथूनच येते.

म्हटलं, मग रविवारी कशाला येता सगळे? म्हणाली, एकाने तरी खाडा केलाय का? मी आठवून पाहिलं. कोणीच केलेला नाही. डॉक्टर तर तापातसुद्धा आला होता, मफलर बांधून, ओलीवर बोलायला.

मी विचारलं, तुझी पाळी कधी झाली?

“मार्चमध्येच. त्या घोड्यानंतर.”

“कसं होतं पुस्तक?”

“चांगलं होतं.”

“मी वाचू?”

तिने कुंपणावरच्या वेलीचं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाली, “नका वाचू. मला आवडलंय ते.”

दाढेचं राहूनच गेलं.

१७ मे, रविवार

सगळे वेळेवर आले. बूट ओळीने काढले. बसले. मी म्हणणार होतो की मंडळ बरखास्त करू या, तुम्ही सुटा. पण रूल्समध्ये बरखास्तीची तरतूद नाही, आणि दुरुस्ती करायची तर चालू पुस्तक संपल्यावर, असं मीच जानेवारीत घालून ठेवलंय. बाईंना ते तोंडपाठ होतं.

चहा. ओलीचा आकार आता बदकासारखा दिसतो यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी ऑफिसात ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात डॉक्टर मला म्हणाला, सावकाश वाचा हो, घाई नाही.

२१ मे, गुरुवार, संध्याकाळ

ही गेली आहे. कुठे म्हणून सांगायची आता गरज उरलेली नाही, तरी दाढेला हात लावून गेली. सवय.

तिचं ते खाकी कव्हरचं पुस्तक उशाखाली सापडलं. लहानसं आहे, दीडशे पानं. ती यायच्या आत संपवतो, आणि जेवताना सहज शेवटावर दोन वाक्यं बोलतो. मग बघू या काय म्हणते. दीडशे पानं म्हणजे काय! लोक वाटेत उभ्या उभ्या वाचतात.

सव्वासात. पन्नाशीची एक बाई पोहायला शिकायला जाते. सुरुवात छान. हिला यात आवडण्यासारखं काय असेल? पाण्याजवळसुद्धा कधी जात नाही. की मी नेलं नाही? विचार करत बसलो, एक पान परत वाचावं लागलं.

साडेसात. पान चौदा. बाई अजून काठावरच. पाणी गार आहे म्हणते. मी असतो तर ढकललं असतं.

पावणेआठ. पान चौदा. लेखिकेने आता तिला उतरवायला हवं होतं. तलावाचं वर्णन, फरशीचं वर्णन, बाईच्या टोपीचं वर्णन. इथेच वाचक सुटतात. हे लिहून ठेवायला म्हणून पुस्तक पालथं घालून उठलो, पेन सापडेना. पेन सापडलं तर खिडकी वाजत होती. ती लावली.

आठ. जिन्यात हिचा आवाज, मेहुण्याशी बोलतेय, हसतेय. कव्हर सारखं केलं, पुस्तक उशाखाली सरकवलं, दिवा मालवला, मिठागर मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो.

आत आली. म्हणाली, अंधारात वाचताय?